जोंधळ्याची मुळं आणि पेशीतले धागे

 

आज आम्ही कर्जाच्या हप्त्याबद्दल किंवा वहीतल्या नोंदींबद्दल बोलणार नाही. आज बोलायचं आहे जोंधळ्याच्या मुळाबद्दल, आणि त्या मुळाच्या आत, साध्या डोळ्यांना कधीच न दिसणाऱ्या धाग्यांबद्दल. विषय शाळेच्या पुस्तकातला वाटेल. पण त्या धाग्यांपायी आमच्या गटात मोठं भांडण झालं. आमच्यातली सगळ्यात वडीलधारी बाई आमच्यापासून तुटायची वेळ आली होती. म्हणून ही हकिगत पहिल्यापासून सांगतो.

झालं असं की आम्ही बाराजणींनी मिळून दोन एकर रान खंडाने घेतलं. मधे सोयाबीन आणि दोन्ही बांधांच्या कडेनं जोंधळ्याची पट्टी. शेळ्यांना वैरण होईल, थोडे दाणेही येतील, असा विचार. सोयाबीनचं बी दुकानातून आणलं. जोंधळ्याचं बी मात्र मावशींनी दिलं. मावशी आमच्यात वयानं मोठ्या. त्यांच्या सासूच्या वेळेपासून त्या घरात हे बी जपलेलं आहे. दरवर्षी चांगली कणसं निवडायची, सावलीत वाळवायची, राख आणि कडुनिंबाचा पाला घालून मडक्यात ठेवायची. आम्ही त्यांना पैसे देऊ केले, तर म्हणाल्या, "बियाण्याचे पैसे घेत नसतात बाई, पिकलं की ओंजळभर परत द्या."

पेरणी झाली. दुसऱ्या दिवशी सोयाबीनवर तणनाशक फवारलं. उगवणीच्या आधी मारायचं असतं ते, पिवळ्या रंगाचं. त्यातल्या औषधाचं नाव पेंडीमिथॅलीन. फवारणारा पोरगा आमच्यातल्याच एकीचा भाचा. सोयाबीनचं फवारून झालं आणि पंपात औषध उरलं. त्यानं विचारलं, "काकू, हे काय करू?" आम्ही म्हटलं, "जोंधळ्यावर मार, तिथंही तण नको." हे वाक्य आमचंच होतं. ते नंतर आम्ही सोयीनं विसरलो.

आठ दिवसांत सोयाबीन छान वर आलं. जोंधळा मात्र कुठं उगवला, कुठं नाही. जो उगवला तो बुटका, जाडसर, वेडावाकडा. पंधरा दिवसांनी त्यातलाही बराच पिवळा पडून बसला.

गटाची बैठक झाली आणि तोंडं सुटली. "बी जुनं होतं." "मडक्यात कीड लागली असणार." एक तर म्हणाली, "म्हातारीच्या नादी लागून नुकसान झालं." मावशी तिथंच बसल्या होत्या. काही बोलल्या नाहीत. पदर सावरला आणि उठून गेल्या. पुढच्या दोन्ही बैठकांना आल्या नाहीत. बचतीचे पैसे मात्र नातवाच्या हाती वेळेवर पाठवले. ते पैसे वहीत लिहिताना आम्हाला कसं झालं असेल, तुम्हीच समजून घ्या.

मग आमच्यातल्याच एका सुनेनं विचारलं, "बी खराब आहे, हे आपण बघितलंय का?" खरंच, कुणीच बघितलं नव्हतं. तिनं मावशींच्या घरून त्याच मडक्यातलं बी मागून आणलं. १०० दाणे मोजले, ओल्या गोणपाटावर रांगेनं मांडले, गुंडाळी करून सावलीत ठेवली, रोज पाणी शिंपडलं. पाचव्या दिवशी गुंडाळी सोडली, तर ९१ दाण्यांना मोड आलेले. पांढरीशुभ्र, सरळ मुळं. बियाण्यात काही खोट नव्हती.

तिथंच थांबलो नाही. दोन डबे घेतले. एकात बांधावरची माती, दुसऱ्यात जोंधळ्याच्या पट्टीतली वरची माती. दोन्हींत मावशींचंच बी टाकलं, पाणी सारखंच घातलं. बांधाच्या मातीत रोपं सरळ आली. पट्टीच्या मातीत पुन्हा तेच बुटकं, जाड रोप. उपटून बघितलं तर मुळाचं टोक गदेसारखं फुगलेलं, आखूड, आणि बाजूची मुळंही तशीच थोटी. म्हणजे जे काही होतं ते मातीत होतं.

आमच्यातल्या एकीची मुलगी कृषी महाविद्यालयात शिकते. ती ते मूळ ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन गेली. तिथल्या मॅडमनी मूळ बघितल्याबरोबर विचारलं, "पेंडीमिथॅलीन मारलं होतं का?" आणि निरोप पाठवला, जमलं तर या, दाखवते. आम्ही पाचजणी एसटीनं गेलो. आमच्यातली बी.ए. झालेलीही होती, पण शास्त्राचं पुस्तक तिनं दहावीनंतर हातात धरलेलं नव्हतं.

मॅडमनी आधी मुळाला हातच लावला नाही. तळ्यातल्या पाण्यात वाढणाऱ्या हायड्रिला नावाच्या वनस्पतीचं एक बारीक पान काचेवर ठेवलं आणि सूक्ष्मदर्शकातून बघायला सांगितलं. विटांसारख्या पेशी दिसल्या. थोडा वेळ टक लावून बघितलं तर पेशीच्या आत हिरवे ठिपके कडेकडेनं फिरत होते, जसं काही जत्रेतल्या रहाटात बसलेत. आम्ही एकमेकींना ढकलून पुन्हा पुन्हा बघितलं. झाड एका जागी उभं असतं म्हणून आपल्याला ते स्वस्थ वाटतं. त्याच्या आत अशी धावपळ चाललेली असते.

ही धावपळ पहिल्यांदा लिहून ठेवली इटलीतल्या बोनाव्हेंतुरा कोर्ती यांनी, १७७४ साली. पण ती कशाच्या जोरावर चालते, हे कळायला पुढं जवळजवळ दोनशे वर्षं गेली. पेशीत ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचे धागे असतात, सुतळीसारखे पीळ घातलेले. त्या धाग्यांवरून मायोसिन नावाची दुसरी प्रथिनं हमालासारखी ओझं ओढत नेतात. त्या ओढीनं आतला सगळा रस फिरतो. आपण डाळीतून जी प्रथिनं खातो, त्याच जातीचं हे द्रव्य. फक्त इथं त्याचे धागे झालेले.

ॲक्टिन झाला एक धागा. पेशीत दुसरा एक प्रकार असतो. तो पोकळ असतो, म्हणून त्याला सूक्ष्मनलिका म्हणतात. आमच्या जोंधळ्याचं दुखणं या नलिकांशी निगडित होतं, म्हणून त्यांच्याबद्दल जरा सावकाश सांगतो.

आपल्या गळ्यातली पोत डोळ्यांसमोर आणा. बारीक मण्यांच्या १३ सरी घ्या आणि त्या कडेला कडा लावून गोल उभ्या करा. मधे पोकळी राहील. सूक्ष्मनलिका अशीच असते. तिचे मणी म्हणजे ट्युब्युलिन नावाचं प्रथिन. जाडी किती? एका केसाच्या रुंदीत अशा सुमारे ३००० नलिका शेजारी शेजारी बसतील. म्हणून साध्या सूक्ष्मदर्शकातून त्या दिसत नाहीत. मायरॉन लेडबेटर आणि कीथ पोर्टर या शास्त्रज्ञांनी १९६३ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून वनस्पतीच्या पेशी बघितल्या, तेव्हा पेशीच्या भिंतीला आतून लागून या नलिका दिसल्या. भिंतीतले तंतू ज्या दिशेनं होते, त्याच दिशेनं या नलिकाही.

याचा अर्थ काय, ते मॅडमनी उशीच्या अभ्र्यावरून सांगितलं. अभ्र्यात कापूस ठासत गेलं तर तो चहूबाजूंनी फुगतो. पण त्याच अभ्र्याला बाहेरून जवळजवळ दोरीचे वेढे घातले आणि मग कापूस ठासला, तर जाड व्हायला जागाच नसते. तो लांबच होत जातो. झाडाची पेशीही आतल्या पाण्याच्या दाबानं फुगत असते. तिच्या भिंतीत सेल्युलोजचे तंतू असतात. तेच दोरीचे वेढे. वेढे आडवे असले की पेशी उभी लांब होते. अशा हजारो पेशी लांब झाल्या की मूळ जमिनीत खाली जातं आणि कोंब वर येतो.

आता वेढे आडवेच घालायचे, हे कोण ठरवतं? ते या सूक्ष्मनलिका ठरवतात. सेल्युलोजचा तंतू विणणारी यंत्रं पेशीच्या कातडीत असतात आणि आतल्या नलिकांच्या रेषेवरून ती सरकतात. २००६ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपात ही यंत्रं चमकतील अशी सोय केली आणि जिवंत पेशीत ती नलिकांच्या वाटेनं सरकताना बघितली. विणकरणीनं आखलेल्या रेषेवरून टाका घालत जावं, तसं.

कापूस वेचणाऱ्या मैत्रिणींना एक गोष्ट सांगतो. बोंडातला कापसाचा एकेक तंतू म्हणजे एकच पेशी असते. सरकीच्या सालीवरची ती एक पेशी वाढत वाढत अडीच-तीन सेंटिमीटर होते. इतकी लांब आणि तरी इतकी बारीक ती राहते, ती या आडव्या वेढ्यांमुळेच. पुढं भिंत जाड होताना नलिका तिरक्या वळतात आणि सेल्युलोजही तिरकं पडत जातं. आपल्या अंगावरच्या सुती लुगड्याचा धागा या नलिकांनी आखलेला आहे.

नलिकांची आणखी दोन कामं आहेत. एका पेशीच्या दोन होताना आतली गुणसूत्रं निम्मी निम्मी वाटावी लागतात. ती दोन बाजूंना ओढून नेतात याच नलिका. आणि दोघींच्या मधे नवी भिंत कुठं घालायची, त्याची खूणही आधी याच करतात. भिंतीच्या जागी नलिकांचा एक पट्टा तयार होतो आणि प्रत्यक्ष भिंत पडायच्या आधी तो पुसलाही जातो. गवंडी बांधकामाआधी फक्कीनं रेघ मारतो ना, तसंच. हा पट्टा पहिल्यांदा सापडला १९६६ साली, गव्हाच्या रोपात.

आता आमच्या पिवळ्या औषधाकडे येतो. सूक्ष्मनलिका कायमच्या नसतात. टोकाला मणी जोडले जातात, सुटतात, पुन्हा जोडले जातात. एखादी नलिका वाढत असते, तेव्हाच शेजारची विरघळत असते. पेशीला दिशा बदलायची झाली की जुन्या मोडून नव्या करता याव्यात, म्हणून ही व्यवस्था. पेंडीमिथॅलीन नेमकं त्या मण्याला चिकटतं. चिकटलेला मणी सरीत नीट बसत नाही. सुटणारे मणी सुटत राहतात, नवे जोडले जात नाहीत, आणि थोड्या वेळात नलिकाच उरत नाहीत.

मग वेढे आडवे घालायला रेघच नाही. पेशी चहूबाजूंनी फुगते. गुणसूत्रं ओढायला कुणी नाही, म्हणून एकीच्या दोन होत नाहीत. मॅडमनी शेवटी आमच्या जोंधळ्याच्या मुळाचा पातळ काप काढून, रंग देऊन दाखवला. शेजारी बांधावरच्या मातीतलं चांगलं मूळ. चांगल्या मुळात पेशी विटांच्या थरासारख्या ओळीनं लागलेल्या. आमच्या मुळात गोल, फुगीर, ओळ सोडून बसलेल्या. गदेसारखं टोक कुठून आलं, ते न सांगताच कळलं.

आम्ही विचारलं, मग सोयाबीन कसं वाचलं? मॅडम म्हणाल्या, हे औषध मातीच्या वरच्या थराला धरून बसतं, फारसं खाली उतरत नाही. सोयाबीनचं बी मोठं, नीट खोलीवर पेरलं तर त्याचं मूळ लवकर त्या थराखाली निघून जातं. बारीक बियांचं तण वरच्या थरातच उगवतं, म्हणून मरतं. गवताच्या कुळातली कोवळी रोपं त्याला विशेष बळी पडतात. आणि आपला जोंधळा? तोही गवताच्याच कुळातला. औषधाला काय माहीत, कुठलं गवत आपल्याला हवंय आणि कुठलं नको!

येताना एसटीत आम्ही फारसं बोललो नाही. गावात उतरून थेट मावशींच्या घरी गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या. आम्ही सांगितलं, बी तुमचं चांगलं होतं, चूक आमची. पोराला "मार तिथंही" असं सांगणारी आमच्यातलीच होती. मावशींनी सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "बी चांगलं आहे, हे मला ठाऊक होतं. पण तुम्ही बघायच्या आधी बोललात, त्याचं वाईट वाटलं." पुढच्या बैठकीत आम्ही सगळ्यांसमोर माफी मागितली आणि वहीत लिहून घेतलं की बियाण्याबद्दल शंका आली तर आधी गोणपाटावर चाचणी, मग तोंड उघडायचं.

या सगळ्यातून आम्ही काय शिकलो, ते आता सांगतो.

पहिलं, पंपात उरलेलं औषध दुसऱ्या पिकावर मारू नका. मोजकंच पाणी आणि मोजकंच औषध घ्या. डब्यावरच्या कागदावर कुठल्या पिकाला चालतं, किती घ्यायचं, त्या रानात पुढं काय पेरायचं नाही, हे छापलेलं असतं. अक्षर बारीक असतं, तेव्हा शाळेतल्या मुलांकडून वाचून घ्या.

दुसरं, उगवण बिघडली तर आधी मूळ उपटून बघा. टोक जाड, आखूड, थोटं असेल तर मातीचा संशय घ्या आणि दोन डब्यांची चाचणी करा. खर्च काहीच नाही.

तिसरं, हे औषध झाडांच्या नलिकांना जसं घट्ट चिकटतं, तसं माणसाच्या नलिकांना चिकटत नाही. पण म्हणून ते हातानं ढवळायचं नाही. त्वचेला आणि डोळ्यांना त्याचा त्रास होतो. हातमोजे घाला, तोंड झाका. पोटुशी बाई असेल तर तिला कालवायच्या आणि फवारायच्या कामाला लावू नका. रिकामा डबा पाण्याला किंवा धान्याला अजिबात वापरू नका.

माणसाच्या नलिका म्हटलं म्हणून चौथी गोष्ट, आणि ही बायकांसाठी फार महत्त्वाची. आपल्या अंगातल्या पेशींतही या सूक्ष्मनलिका आहेत. आपल्या रानात पावसाळ्यात लाल-पिवळ्या ज्वाळेसारखं फूल येतं ती कळलावी तुम्हाला माहीत आहे. बाळंतपणाच्या कळा लावते म्हणून तिचं नाव कळलावी पडलं, असं सांगतात. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन नावाचं विष असतं. तेही ट्युब्युलिनच्या मण्यालाच चिकटतं, आणि माणसाच्या मण्याला तर झाडाच्या मण्यापेक्षा जास्त जोरानं. शास्त्रज्ञ ते प्रयोगशाळेत मोजून वापरतात. बिनबियांचं कलिंगड करताना रोपाची गुणसूत्रं दुप्पट करायला ते वापरतात. डॉक्टर गाउटच्या सांधेदुखीवर अगदी कणभर देतात. पण कळलावीचा कंद पोटात गेला तर जीव जाऊ शकतो. कळा याव्यात म्हणून किंवा दिवस जावेत न जावेत म्हणून कुणी तो उगाळून द्यायला लागलं, तर हात धरा आणि बाईला दवाखान्यात न्या.

पाचवं आणि शेवटचं, खुरपं अडगळीत टाकू नका. अमेरिकेत कापसाच्या शेतांत वर्षानुवर्षं याच जातीची तणनाशकं मारली गेली. तिथं नाचणीच्या जवळच्या नात्यातलं एक गवत असं निघालं की ते या औषधानं मरेचना. शास्त्रज्ञांनी तपासलं, तर त्याच्या ट्युब्युलिनच्या मण्यात एका ठिकाणी बदल झालेला. औषध आता तिथं नीट पकडच घेईना. एकच औषध दरसाल मारलं की असं तण निवडून निवडून आपणच वाढवतो. पीक फिरवा, औषध फिरवा, आणि एक खुरपणी राखा. खुरप्यापुढं कुठल्याही तणाचा मणी बदलून उपयोग नाही. आणि त्या खुरपणीत आपल्याच बायांना रोजगार मिळतो, हेही ध्यानात असू द्या.

गेल्या वर्षी आम्ही पुन्हा बांधाकडेनं जोंधळा पेरला. बी मावशींचंच. त्या पट्टीत तणनाशक मारलं नाही, दोन वेळा खुरपलं. कणसं चांगली भरली. मळणी झाल्यावर मावशींना ओंजळभर बी परत द्यायला गेलो. त्यांनी त्यातली मूठभर आमच्याच पदरात टाकली आणि म्हणाल्या, "आता एक मडकं तुमच्याकडेही असू दे."

मैत्रिणींनो, तुमच्या गटात असं काही घडलं असेल तर आम्हाला जरूर कळवा.